कांचेची नळी आणि दृष्टीचा पडदा

शस्त्रवैद्यकाच्या इतिहासांत मान मिळतो तो सुरीला, आणि तिच्या मागोमाग सुईदोऱ्याला. ओझें इकडून तिकडे नेणाऱ्या नळीची दखल इतिहासकार सहसा घेत नाहींत. बुबुळावर जें पारदर्शक पटल असतें, ज्यास डॉक्टर कॉर्निया म्हणतात, त्याच्या रोपणाच्या अलीकडील इतिहासांत मात्र या हमालाची कामगिरी सुरीहून कमी नाहीं, असें आमचें मत आहे.

डिसेंबर १९०५ मध्यें मोराव्हियांतील ओलोमोउत्स येथें एडुआर्ड त्सिर्म यांनीं चुन्यानें डोळे भाजलेल्या एका मजुरास एका मुलाच्या काढून टाकाव्या लागलेल्या डोळ्यांतील पटल बसविलें, आणि एका डोळ्यांत तें टिकलें. पुढें बहुतेक शतकभर मुख्य रीत तीच राहिली: सबंध जाडीचा गोल तुकडा कापून काढावयाचा व तसाच दुसरा तेथें बसवावयाचा. तुकडा सुमारें अर्धा मिलिमीटर जाड. चिमट्यानें उचलून ठेवण्याइतका तो धट्टाकट्टा असे. वाहतुकीचा प्रश्नच नव्हता.

तो उद्भवला काटकसरींतून. पटलाच्या अगदीं आंतल्या अंगास पेशींचा एकेरी थर असतो. पटलांत झिरपणारें पाणी उपसून तें स्वच्छ राखणें हें त्याचें काम. मनुष्याच्या डोळ्यांत या पेशी जवळजवळ पुनः वाढत नाहींत. गेल्या त्या गेल्याच. पुष्कळांची दृष्टि केवळ हा थर खचल्यामुळें धूसर होते. मग मागचा गिलावा पडला म्हणून सबंध भिंत कां पाडावी? नेदरलंड्समधील गेरिट मेल्स यांनीं १९९८ मध्यें केवळ मागचा थर बाजूच्या छेदांतून आंत नेऊन, टांक्यांऐवजीं हवेच्या बुडबुड्यानें दाबून बसविण्याची पद्धति प्रसिद्ध केली.

पुढें छेद लहान होत गेला तशी अडचण वाढली. आठ-नऊ मिलिमीटरचा तुकडा पांच मिलिमीटरच्या फटींतून जावा कसा? प्रथम तो करंजीसारखा दुमडून चिमट्यानें आंत सारीत. (अमेरिकनांना त्या घडींत मेक्सिकोचा टाको दिसला, ज्याचें त्याचें फराळाचें ताट!) परंतु चिमटा मिटे तेथल्या पेशी चिरडत. इटलीच्या मास्सिमो बुझिन यांनीं निमुळती पन्हळ योजिली. तींत तुकडा आपोआप वळे, आणि समोरच्या बाजूनें अलगद ओढून घेतां येई. सिंगापूरच्या डोनाल्ड टॅन यांच्या उपकरणांत तुकड्याचे वळलेले पदर एकमेकांस शिवत नसत.

खरी कसोटी लागली ती २००६ च्या सुमारास, मेल्स यांनींच पुढें आणलेल्या नव्या रोपणांत. त्यांतील पडदा एका मिलिमीटरच्या अवघ्या दहा-पंधरा सहस्रांश जाडीचा. सोलतांच तो केळीच्या कोंवळ्या पानासारखा सुरळी होऊन बसतो, आणि खोड अशी कीं पेशी सुरळीच्या बाहेरच्या अंगास येतात! जें जपावयाचें तेंच नळीस घासणार. म्हणून सुरळी निळ्या रंगानें रंगवून पाण्याबरोबर नळींत ओढून घेतात व पाण्याच्याच हलक्या झोतानें डोळ्यांत सोडतात. कोणी भिंगें घालण्याच्या प्लास्टिकच्या पिचकाऱ्या वापरल्या, कोणी गुळगुळीत म्हणून कांच पत्करली. अमेरिकेंतील पोर्टलंड येथें याकरितां जी कांचेची नळी फेरफार करून घेतली, ती मुळांत लेस्टर जोन्स यांनीं अश्रूंना नाकांत वाट करून देण्यासाठीं योजिलेली. आसवांची नळी दृष्टीच्या कामीं यावी, ही योजना एखाद्या कवीस सुचली असती तर आम्ही ती कृत्रिम म्हणून हंसण्यावारी नेली असती!

आंत गेलेला पडदा उलटा उलगडला तर सारे श्रम वायां जातात. त्यावर उपाय म्हणून पडद्यावर आधींच इंग्रजी ‘एस्’ अक्षर उमटवूं लागले. तें उलटें वाचलें गेलें तर पडदा पालथा समजावा.

ही सारी धडपड कोणाच्या ठेवीसाठीं? ज्या घरांत मृत्यु झाला, त्या घरानें दुःखाच्या पहिल्या कांहीं तासांत मन घट्ट करून दिलेली ती वस्तु. तींतील जी पेशी चिमट्यांत वा नळींत मरते, ती भरून देणारा कोणी नाहीं. अमेरिकेंत व युरोपांत आतां पुष्कळदां नेत्रपेढीच पडदा सोलून, तपासून, नळींत भरून धाडते. तरी वाद मिटलेला नाहीं: कांहीं शस्त्रवैद्य सुरळीचा स्वभाव मोडून पेशी आंत येतील अशी घडी घालतात, आणि झोताऐवजीं चिमट्यानें तिला ओढून घेतात. नळी कोणतीहि असो, शस्त्रक्रिया आटोपल्यावर रोग्यास उताणें निजवितात, म्हणजे हवेचा बुडबुडा वर चढून पडद्यास पटलाशीं दाबून धरतो.