सालोत्री ते 'नीट': कोल्हापूरच्या पशुवैद्याची वाट

१/५
कोल्हापूरच्या गोठ्यात वाढलेल्या मुलाला पशुवैद्य व्हायचे तर आज 'नीट'चे गुण लागतात. ही वाट घडली कशी? थोडक्यात पाहू.

२/५
पूर्वी ही विद्या जाणत्याच्या हाताखाली राहून मिळे. घोड्यांच्या वैद्याला सालोत्री म्हणत; अश्ववैद्यकाचे प्राचीन आचार्य शालिहोत्र यांच्या नावावरून हा शब्द आला.

३/५
घोडदळाच्या गरजेतून इंग्रजांनी १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा काढली. १८८६ मध्ये परळला, दिनशा पेटिट यांच्या देणगीतून उभारलेल्या पशुरुग्णालयाच्या आवारात, मुंबईचे महाविद्यालय सुरू झाले.

४/५
पुढे नागपूर (१९५८) आणि परभणी (१९७२). दोन्ही कोल्हापूरपासून दूर. इकडे १९६३ सालीच 'गोकुळ' दूध संघ स्थापन झाला होता. पुणे-बंगळूर महामार्गावरील शिरवळचे महाविद्यालय मात्र १९८८ चे. दूध संघ आधी, जवळचे महाविद्यालय पंचवीस वर्षांनी!

५/५
आज बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, मग 'नीट', त्यानंतर आंतरवासितेसह साडेपाच वर्षे. गोठ्यातला अनुभव या प्रवेशपरीक्षेत कोणी विचारत नाही. सालोत्र्याचे शिक्षण जनावराजवळ सुरू होई. आजचा विद्यार्थी तिथे प्रवेश मिळाल्यावर पोहोचतो.