उल्हास खोऱ्यातील शेलू : एका सीमेवरच्या गावाचा इतिहास

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील शेलू हे उल्हास नदीच्या खोऱ्यातील एक लहान गाव होय. एका बाजूस माथेरानचा डोंगर व दुसऱ्या बाजूस नदीकाठची भातखाचरे अशी त्याची रचना आहे. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास या भागातून वाहत पुढे वसईच्या खाडीस मिळते. पावसाळी भात हे येथील मुख्य पीक. वैशाखात पालापाचोळा व शेण पसरून राब भाजावयाचा, पाऊस पडताच रोपे वाढवावयाची आणि मग आवणी करावयाची, हा या खोऱ्यातील शेतीचा परंपरागत क्रम आहे. ठाकर व कातकरी या आदिवासी जमातींचे श्रम त्या जीवनाशी निगडित आहेत.

परंतु गावाच्या भवितव्याचे निर्णय बहुधा गावाबाहेरच झालेले आढळतात. सन १८५६ मध्ये लोहमार्ग कल्याणपासून बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत आला आणि १८६३ मध्ये घाट चढून गेला. मुंबईचा दख्खनशी संबंध जोडणे हा त्याचा हेतू होता. वाटेवरील खेड्यांची सोय ही आनुषंगिक होती. कर्जत तालुका प्रथम ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ मध्ये तो कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. परिणामी वांगणी ठाणे जिल्ह्यात, तर लगतचे शेलू रायगड जिल्ह्यात राहिले. नदी, भाषा व शेती यांना मात्र ही सीमा ठाऊक नाही.

अलीकडे तिसरा मोठा निर्णय पुढे आला. १९८२ च्या संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या मुंबईतील गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना शेलू व वांगणी येथे घरे देण्याची योजना शासनाने मांडली. ज्या शहरात हयात घालविली तेथेच निवारा मिळावा, असा आग्रह धरून जुलै २०२५ मध्ये कामगारांनी मुंबईत मोर्चा काढला. मुंबई सोडावी लागणार, हे कामगारांचे दुःख रास्तच होय. पण ज्या भूमीवर ही वस्ती व्हावयाची, ती रिकामी नाही, याचाही विचार व्हावयास हवा. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुराने बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली व हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पुराचे पाणी पसरण्यास जागा लागते. ती जागा कोणती, हे खाचरे कसणाऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ज्ञात आहे.

लहान गावाचा इतिहास केवळ बाहेरून झालेल्या निर्णयांच्या नोंदींवरून पूर्ण होत नाही. त्या निर्णयांच्या वेळी गावास काय ठाऊक होते आणि त्यास कोणी विचारले होते काय, हे पाहिल्यावाचून शेलूसारख्या गावाचे यथार्थ चित्र उभे राहणार नाही.