बिनतारी माउस
बिनतारी माउस हा तारेऐवजी रेडिओ लहरींद्वारे संगणकाशी जोडला जाणारा माउस होय. जोडणी यूएसबी रिसीव्हरने किंवा ब्लूटूथने होते. त्यासाठी सामान्यतः २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील लहरी वापरतात.

इतिहास
१९८४ मध्ये लॉजिटेक कंपनीने अवरक्त किरणांवर चालणारा माउस आणला. तो रिसीव्हरच्या समोर, मध्ये अडथळा न येता, ठेवावा लागे. १९९१ मध्ये त्याच कंपनीच्या रेडिओ लहरींवरील माउसमुळे ही अडचण दूर झाली.

तारयुक्त माउसशी तुलना
तारयुक्त माउसला वीज संगणकाकडूनच मिळते, तर बिनतारी माउसला सेल किंवा बॅटरी लागते. वेगातील फरक मात्र आता फारसा उरलेला नाही. खेळांसाठीचे अनेक बिनतारी माउस सेकंदाला १,००० वेळा माहिती पाठवतात.

सुरक्षितता
२०१६ मध्ये काही रिसीव्हरांमध्ये ‘माउसजॅक’ ही त्रुटी आढळली. तिच्यामुळे जवळपासच्या त्रयस्थास संगणकाला कळफलकाच्या आज्ञा पाठवणे शक्य होई.

निवड
प्रवासात किंवा सादरीकरण करताना बिनतारी माउस सोयीचा ठरतो. शाळेच्या संगणक कक्षात संगणक जागचे हलत नाहीत. तेथे सेल बदलणे व रिसीव्हर सांभाळणे हे काम वाढते. अशा ठिकाणी तारयुक्त माउसच अधिक किफायतशीर ठरतो.