परक्या नांवाचे कॅमेरे

आपल्या घरांतील पितळेच्या घागरीवर किंवा ताटावर जें नांव कोरलेलें असतें, तें ती वस्तु घडविणाऱ्या तांबटाचें नसतें. तें घरधन्याचें असतें, किंवा लग्नांत आहेर करणाऱ्याचें. तांबट कोण, हें विचारण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. यंत्रांच्या बाबतींत मात्र आपण अगदीं उलट वागतों. तेथें नांव आधीं आणि वस्तु मागाहून. म्हणूनच ज्या कॅमेऱ्यांवर कारखानदाराऐवजीं एखाद्या दुकानाचें नांव आलें, त्यांची हकीकत थोडी विस्तारानें सांगावी असें आम्हांस वाटतें. जुन्या वस्तूंच्या बाजारांत असा कॅमेरा पुष्कळदां कवडीमोलानें जातो, आणि त्याचाच सख्खा भाऊ मूळ नांवावर चांगली किंमत घेतो.

येथें ज्यांचा विचार करावयाचा ते कॅमेरे अंतरमापक, म्हणजे रेंजफाइंडर जातीचे, ३५ मिलिमीटर फिल्म घेणारे. त्यांत पाहण्याची खिडकी भिंगाहून निराळी असते. खिडकीच्या मध्यभागीं एक पिवळसर ठिपका असून त्यांत समोरच्या वस्तूचीं दोन चित्रें दिसतात. भिंगाचें कडें फिरवीत गेलें म्हणजे तीं एकमेकांवर येऊन बसतात. तीं बसलीं कीं अंतर जुळलें. वेट्झलार येथील लाइट्स कारखान्याचा लायका कॅमेरा १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत लोकांपुढें आला, आणि १९३२ सालीं त्याला भिंगाशीं जोडलेलें असें अंतरमापक मिळालें. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन पेटंटांचें संरक्षण उरलें नाहीं, तेव्हां लायकाच्या घाटणीचे कॅमेरे अनेक देशांत उघडपणें बनूं लागले. त्यांत जपान पुढें होता.

पुढें कॅनन म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या संस्थेंतून बाहेर पडलेल्या कांहीं कारागिरांनीं १९४० च्या सुमारास तोक्योंत एक लहानसा कारखाना काढला. त्याच्या कॅमेऱ्यांचें नांव युद्धोत्तर काळांत निक्का असें झालें. काम नेटकें, बांधणी लायकाच्या वळणाची. परंतु अमेरिकेंत हें नांव कोणास ठाऊक असणार? युद्धाची आठवण ताजी होती, आणि जपानी माल म्हणजे हलका माल हा समज तर युद्धापूर्वींचाच. अशा वेळीं शिकागोच्या सिअर्स, रोबक आणि कंपनीनें हा कॅमेरा आपल्या 'टॉवर' या नांवाखालीं विकावयास घेतला. सिअर्स ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आलेली पेढी. दूरदूरच्या शेतकरी कुटुंबांना टपालानें सूचीपत्र पाठवावें आणि सुईपासून शिलाईयंत्रापर्यंत सर्व कांहीं पुरवावें, हा तिचा व्यापार. तिचें जाडजूड सूचीपत्र १९९३ पर्यंत निघत होतें. ज्या घरांत निक्का हें नांव कधींच गेलें नसतें, तेथें सिअर्सच्या शब्दावर तो कॅमेरा गेला.

गंमत अशी कीं, त्याच कॅमेऱ्याच्या पुढील कड्यावर भिंगाचें खरें नांव कोरलेलें असे: निकॉर, म्हणजे निप्पॉन कोगाकूचें भिंग. 'लाइफ' साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनीं १९५० सालीं कोरियाच्या युद्धांत निकॉर भिंगें वापरलीं, आणि त्या चित्रांनीं अमेरिकन वृत्तपत्रसृष्टीचे डोळे उघडले. त्याच कुळींतलें भिंग सूचीपत्रांतून घराघरांत टपालानें जात होतें.

या व्यवहारांत कोणाचा लाभ झाला? आमच्या मतें दोघांचाहि झाला, पण सारखा नव्हे. कारखान्यास जाहिरातीचा खर्च न करतां गिऱ्हाईक मिळालें, कामगारांच्या हातांस काम राहिलें. परंतु मालाच्या चांगुलपणानें जी पत वाढली, तीपैकीं मोठा वांटा दुकानाच्या खातीं जमा झाला. निक्का १९५८ सालीं याशिका कंपनींत विलीन झाली.

जर्मनींतहि हीच रीत होती. न्यूरेंबर्गच्या हान्स पोर्स्ट यांनीं १९१९ सालीं काढलेल्या दुकानानें 'हापो' हें नांव मालकाच्याच नांवांतील आद्याक्षरांवरून बनविलें. फ्युर्थच्या क्वेले पेढीनें 'रेव्ह्यू' हें नांव चालविलें. १९७० नंतरच्या दशकांत रिकोचा '५०० जी' हा अमेरिकेंत 'सिअर्स ३५ आरएफ' झाला, आणि कोसिना कारखान्याचा एकच कॅमेरा जर्मनींत रेव्ह्यू, इंग्लंडांत प्रिंझ व अमेरिकेंत व्हिव्हिटार अशा तीन नांवांनीं फिरला.

तेव्हां ओळखावें कसें? पत्र्यावरील मोठें नांव प्रथम विसरावें. 'टॉवर' या शब्दावरून तर कांहींच ठरत नाहीं. त्या नांवाखालीं असाहीचे व जर्मनीच्या इलोकाचेहि कॅमेरे विकले गेले. शटरवरील नांवानेंहि फसूं नये. कोपाल, सेइकोशा, कॉम्पुर हे शटर करणारे होते, व त्यांचा माल अनेक कारखान्यांस जाई. भिंगावर 'रेव्ह्यूनॉन' असें असेल तर तेंहि दुकानाचेंच बारसें. खरी साक्ष मिळते ती ज्या गोष्टींकडे सजविणाऱ्याचें लक्ष गेलें नाहीं तेथें: खिडक्यांमधील अंतर, स्क्रूंच्या जागा, फिल्म ओढण्याच्या खटक्याचें वळण, पाठ उघडल्यावर आंत दिसणारी ठेवण. भिंगाचें केंद्रांतर आणि छिद्राचा आंकडाहि ताडून पहावा. कोसिनाच्या वरील कॅमेऱ्याचे ४० मिलिमीटर व १.७ हे आंकडे तिन्ही नांवांखालीं सारखेच आहेत. सिअर्सच्या मालावरील नमुना-क्रमांकांत टिंबापूर्वींचे तीन आंकडे पुरवठादाराचे असत, ही खूणहि उपयोगी पडते.

वापरण्याची गोष्ट थोडी निराळी. असा कॅमेरा हातीं आल्यास दूरच्या डोंगराकडे किंवा चंद्राकडे पाहून भिंग अनंतावर फिरवावें. दोन चित्रें एक झालीं नाहींत, किंवा एक वर व एक खालीं राहिलें, तर अंतरमापक ढळला आहे. भिंगांतून उजेडाकडे पाहून बुरशीचे तंतु आहेत काय हें तपासावें. कोंकणच्या पावसाळ्यांत कपाटांत पडलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास आढळते. १९७० नंतरच्या कॅमेऱ्यांत पाठीच्या कडेचा फोम वितळून डांबरासारखा चिकट झालेला असतो. तो खरवडून काळी लोकर बसविली म्हणजे काम भागतें. त्यांचा प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चाले. अमेरिकेंत अशा सेलच्या विक्रीस १९९६ च्या कायद्यानें बंदी आली. श्रवणयंत्राचा जस्त-वायूचा सेल त्याच्या जवळपास दाब देतो. साधा दीड व्होल्टचा सेल घातला तर मोजमाप चुकतें. रिकोचा कॅमेरा सेलशिवायहि हातानें चालवितां येतो, आणि आम्हांस तो याचसाठीं अधिक आवडतो.

टॉवर-निक्काच्या जुन्या नमुन्यांत फिल्म तळांतून भरावी लागते; तीपूर्वीं तिचें टोंक सुमारें १० सेंटिमीटर लांब निमुळतें कापून घ्यावें, नाहींतर ती पडद्याजवळ अडकते. हा पडदा कापडी असतो. उघड्या भिंगांतून ऊन एका जागीं एकवटलें तर त्याला भोंक पडतें, म्हणून चित्र घेऊन झाल्यावर भिंगाचें झांकण लावीत जावें. आणि पुढचें चित्र घेण्यापूर्वीं तें काढल्याची खात्री करावी, कारण खिडकी निराळी असल्यामुळें झांकण तसेंच राहिलें तरी समोरचें दृश्य अगदीं स्वच्छ दिसत राहतें.