किलोचं वजन किती?

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. हेतू असा, की एकाला मोह झालाच तर दुसऱ्याला बोलावून आणावं लागावं. पॅरिसजवळच्या सेव्र गावातल्या एका तिजोरीला मात्र तीन किल्ल्या, तिघांकडे एकेक! आत हिरे-माणकं नव्हेत. प्लॅटिनम-इरिडियमचा जेमतेम चार सेंटिमीटर उंचीचा ठोकळा. १८८९ साली ठराव झाला : हाच किलो.

त्याच्या नकला देशोदेशी गेल्या. आपल्याकडची ५७ नंबरची, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत. शंभरेक वर्षांनी ताळा घेतला, तर बऱ्याच नकला मूळ ठोकळ्यापेक्षा सुमारे ५० मायक्रोग्रॅमनं जड! आता चूक कोणाची? व्याख्येनंच ठोकळा बरोबर. म्हणजे उरलेलं सारं जग चूक. हेड ऑफिसशी पत्रव्यवहार केलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

अखेर नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्सायला मतदान झालं. २० मे २०१९ पासून किलो प्लँकच्या स्थिरांकावर बेतला गेला. त्याच दिवशी तापमानाचा केल्विन पाण्याला सोडून बोल्ट्झमनच्या स्थिरांकाकडे गेला.

फिजिक्सवाल्या मेहुण्याला मी विचारलं, "हा प्लँकचा आकडा काढला कसा?"

"मोजून."

"कशानं?"

"किबल तराजूनं. शेवटी जुन्या किलोशी ताडूनच."

"म्हणजे किलोवरून प्लँक आणि प्लँकवरून किलो? शिवाय त्याचं एकक ज्यूल-सेकंद. ज्यूलच्या पोटात किलो आहेच की!"

"भावोजी, आधी मोजला, मग कायमचा गोठवला. मीटर आणि सेकंद आधीच पक्के आहेत. हिशेबात एकच रक्कम अज्ञात असली तर तुम्ही काय करता?"

"वजाबाकी," मी म्हणालो. कॉमर्सच्या पदवीचा असा उपयोग प्रथमच झाला.

पण एक नोंद माझ्या नजरेतून सुटली नाही. पूर्वी ठोकळ्यात चूक शून्य आणि प्लँकच्या आकड्यात थोडी अनिश्चितता. आता प्लँकमध्ये शून्य आणि तीच अनिश्चितता ठोकळ्याच्या नावे. चूक मिटली नाही हो, या खात्यातून त्या खात्यात गेली!

तो ठोकळा तिजोरीतच आहे. एकशे तीस वर्षांच्या नोकरीत ज्याला 'तुझं वजन किती?' असं विचारायची सोय नव्हती, त्याच्या नावापुढे निवृत्तीच्या दिवशी शेरा पडला : एक किलो, दहा मायक्रोग्रॅम इकडे-तिकडे.