शल्य आणि शाखा

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव हे गाव आहे. तेथील गरम पाण्याचे झरे प्रसिद्ध आहेत. अशा झऱ्यांत स्नान केल्याने त्वचेच्या विकारांस आणि सांधेदुखीस उतार पडतो, ही कोकणातली जुनी श्रद्धा. तीत रोगांची फारशी वर्गवारी नाही. दुखणी अनेक आणि कुंड एक. आधुनिक वैद्यकात दुखणे आले की प्रथम त्याची शाखा ठरते, आणि त्या शाखेचा जाणकार किती दूर आहे यावर पुष्कळदा रोग्याचे भवितव्य ठरते. म्हणून वैद्यकाचा विद्यार्थी कोणती शाखा निवडतो, त्यातही शस्त्रक्रियेकडे वळतो की नाही, हा प्रश्न केवळ त्याचा खाजगी राहत नाही. या निवडीच्या इतिहासातील काही टप्पे आम्ही येथे पाहणार आहोत. आरंभ मात्र एका शब्दापासून करू.

‘सर्जरी’ या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतील हात आणि काम असे दोन शब्द आहेत. संस्कृतातील ‘शल्य’ म्हणजे बाणाचे टोक, काटा, देहात रुतून राहिलेली वस्तू. सुश्रुतसंहितेत आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी पहिले स्थान शल्यतंत्राला दिले आहे. एका नावात करणाऱ्याचा हात आहे, दुसऱ्यात सोसणाऱ्याच्या देहातील काटा. मराठीतला ‘सल’ याच शल्याचा वंशज. शाखा निवडणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हे दोन्ही अर्थ प्रश्न होऊन उभे असतात : माझा हात कशात चालतो, आणि मी कोणाचे शल्य काढणार?

निवडीचा प्रश्न मुळी नव्हताच, असाही एक काळ होता. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजांकडील कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक बसविले. हा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला गेला. तो वाचून प्रेरणा घेतलेल्या जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली आणि युरोपात या विद्येचे नवे पर्व सुरू झाले. वृत्तांतात कावसजीचे नाव आहे. शस्त्रक्रिया करणारा मात्र विटा पाडणाऱ्या जातीचा म्हणून ओळखला जातो. त्याचे कौशल्य परंपरेने हाती आलेले होते. त्याने शाखा निवडली नाही. तो तीत जन्मला.

मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि जन्माच्या जागी परीक्षा आली. प्रेताला स्पर्श करून विच्छेदन शिकणे हा सवर्ण विद्यार्थ्याच्या दृष्टीने सामाजिक धाडसाचा भाग होता. कलकत्त्यात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, ही घटना म्हणूनच इतिहासात नोंदली गेली. हात आता वंशाचा राहिला नाही. तो शिकवून घडविता येऊ लागला, आणि त्याबरोबर निवडीचे स्वातंत्र्य व तिची जबाबदारी दोन्ही आली.

डॉ. नोशिर अंतिया हे याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्यासारख्यांच्या हाताखाली ते प्लास्टिक सर्जरी शिकले. त्या देशात ही शाखा युद्धातील जखमींमुळे वाढली होती. येथे परतल्यावर अंतियांनी ती कुष्ठरोग्यांच्या चेहऱ्यांकडे आणि वाकड्या झालेल्या बोटांकडे वळविली. पुढे याच रायगड जिल्ह्यातील मांडवा परिसरात त्यांनी गावातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचा प्रयोग केला. शाखा तीच; परंतु ‘कोणाचे शल्य?’ या प्रश्नाचे उत्तर बदलताच तिचा अर्थ बदलला.

महाडचे उदाहरण याहून बोलके आहे, आणि ते शस्त्रक्रियेच्या सीमेपलीकडचे आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरला एम.बी.बी.एस. होऊन १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत होती. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसांत पाणी आणि मृत्यू, हा क्रम त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून टिपला. विष हृदयावर आघात करते हे दिसल्यावर प्रश्न विंचवाचा न राहता हृदयाचा झाला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी एम.डी. केले आणि ते पुन्हा याच मुलखात परतले. रक्तदाबावर वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या औषधाचा विंचूदंशातील उपयोग डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. विंचूदंशातील मृत्यूंचे प्रमाण या उपचाराने फार खाली आले. येथे काटा होता. परंतु तो चाकूने निघणारा नव्हता. तो कोणत्या विद्येने निघेल हे आधी रोग्याकडे पाहून कळले.

म्हणून विद्यार्थ्याने आपली आवड मोडावी, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ज्याचे मन शस्त्रक्रियेत रमत नाही त्याच्या हाती चाकू देणे रोग्यावरच अन्याय. शिवाय आज निवड बरीचशी प्रवेशपरीक्षेतील क्रमांकावर अवलंबून असते. आवड त्या यादीत बसेलच असे नाही. तरीही महाड-पोलादपुरातून जाणारा महामार्ग आणि त्याच्या दोहों बाजूंची डोंगरातली गावे पाहिली, तर गरज स्पष्ट दिसते. अपघातात मोडलेले हाड, अडलेली बाळंतीण, फुटलेले अपेंडिक्स यांना वेळेवर हात हवा असतो, आणि त्या हाताबरोबर भूलतज्ज्ञ व रक्तही हवे असते. एकट्या शल्यविशारदाच्या त्यागाने हे भागत नाही.

शासकीय महाविद्यालयांतून एम.बी.बी.एस. होणाऱ्यांना महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. बहुतेकांना ते वर्ष शाखेच्या वाटेतला अडथळा वाटते, आणि अभ्यासासाठी ते वाया जाऊ नये ही त्यांची चिंता खोटी नाही. परंतु बावस्करांची शाखा बिरवाडीत ठरली, वसतिगृहाच्या खोलीत नव्हे. अलीकडे रायगड जिल्ह्यातच, अलिबागला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आहे. तेथील एखादा विद्यार्थी पुढे सव किंवा बिरवाडीच्या रोग्यांपुढे बसेल, तेव्हा पुस्तकात न भेटलेले शल्य त्याला तेथे भेटण्याचा संभव आहे. त्या वर्षाअखेरीस तो शस्त्रक्रिया निवडो अथवा आणखी काही, त्या निवडीमागे कोणा एका माणसाचे दुखणे उभे असेल.