कापसाच्या तेजींतील रुपया आणि जुनीं कर्जखतें

अवसरी बुद्रुक, मंचर या भागांतील कर्जखतें वाचतांना संग्राहक बहुधा रुपयांचा आंकडा उतरून घेतात व पुढें जातात. तेवढ्यानें खताचा अर्थ लागत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

१८६१ त अमेरिकेंत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाच्या मोबदल्यांत चांदी इकडे लोटली. लंडनवरील हुंडीचा भाव दोन शिलिंगांच्या आसपासच राहिला. पण ती चांदी धान्यावर व मजुरीवर खर्च होऊं लागतांच दोन्ही महागलीं. परदेशी नाण्यांत रुपया तोच, येथील जिन्नस मात्र महाग. अर्थशास्त्री ज्यास वास्तव विनिमयदर म्हणतात तो असा चढला.

१८६५ त युद्ध संपलें, कापूस घसरला, पुढें धान्यही उतरलें. खतांतील आंकडा तेवढा हलला नाहीं. १८६४ चे शंभर रुपये १८७४ त फेडावयाचे, तर कुणब्यास अधिक बाजरी विकावी लागे. व्याजाची गोष्ट निराळीच. १८७५ च्या मे महिन्यांत सुप्यास दंगा झाला, तो शेजारच्या शिरूर तालुक्यांतही पसरला, आणि जमावानें जाळलीं तीं हींच खतें.

जीं वांचलीं, त्यांची नक्कल करतांना मितीशेजारीं त्या सालचा बाजरीचा भाव, मिळेल तेथें, अवश्य टिपावा.